लंगड्या इंजिनाचं गाणं

हेतलवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली, त्याच्या आधीपासून त्या घरातलं संगीत मी बनवत होते. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहिते आहे. आमच्या वरोर गावात आजही त्या दिवसांबद्दल कोणाला विचाराल तर आधी तिचं नाव घेतील आणि मग जरा थांबून म्हणतील, ‘हो, आणि नणंद पण करायची काहीतरी.’ ते ‘काहीतरी’ मी तिच्याआधी वर्षभर रोज करत होते.

कॉम्प्युटर नरेशदादाचा. त्याने डहाणूला जाऊन कसलासा कोर्स केला, कोर्सच्या भरात एक जुना कॉम्प्युटर विकत आणला, आणि नोकरी लागेना म्हणून पुन्हा बाबांबरोबर बोटीवर जायला लागला. कॉम्प्युटर ओटीवर राहिला, बर्फाच्या पेटीशेजारी, आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला. आमच्या घरात कोणतीही वस्तू ठेवली की आठवड्याभरात तिला सुक्या बोंबलाचा वास लागायचा. दारातच मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, त्यांवर माळेसारखे टांगलेले बोंबील, आणि वारा समुद्रावरून थेट ओटीवर. कीबोर्डलाही तो वास लागला. अजूनही कुठे जुना कीबोर्ड दिसला की मला तो वास येतो, मग तो पुण्याच्या कुठल्या ऑफिसातला का असेना.

संगीताचं मला अंग होतं असं नाही. गळा नाही, भजनात टाळ धरला तरी शेजारची माझा हात धरून थांबवायची. पण मामेबहिणीच्या हळदीला मनोजभाईचा साउंड आला होता. मनोजभाईचं डहाणूत साउंडचं दुकान. हळद, साखरपुडा, गणपती, गरबा, किनाऱ्यावरचं कुठलंही कार्य त्याच्या टेम्पोशिवाय व्हायचं नाही. त्या दिवशी एक जुनंच हळदीचं गाणं लागलं, पण त्याच्याखाली असा काही ठोका होता की आमच्या गुडघेदुखीवाल्या आत्याही मांडवात उतरल्या. मी टेम्पोजवळ जाऊन विचारलं, ‘हे वाजवतं कोण?’

‘कोण नाय वाजवत,’ मनोजभाई म्हणाला. ‘कॉम्प्युटरवर चौकोन भरतात. चौकोन.’

हे मला पटलं. गाता येत नव्हतं, चौकोन भरता आले असते. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेतून मी सॉफ्टवेअरची सीडी मिळवली आणि कामाला लागले. एका ओळीत सोळा चौकोन. दर चौथ्यात ठोका टाकला की चालायला लागतं, मधे टाळी टाकली की नाचता येतं, वर झांज शिंपडली की धावतं. एवढं कळायला मला महिना लागला आणि त्या महिन्यात जे तयार झालं ते ऐकून बाबा म्हणाले, ‘गिरण बिघडली काय कुणाची?’ मी मनाला लावून घेतलं नाही. बिघडलेलीच होती. सगळे आवाज एकाच वेळी मोठे केले की कुठलाच ऐकू येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लहान स्पीकर बेसच्या बाबतीत खोटं बोलतात, हेही नाही. पहिली सीडी घेऊन मी मनोजभाईच्या दुकानात गेले, त्याने ती स्पीकरच्या मोठ्या डब्यांवर लावली, आणि घरी मला जो बेस गोड वाटत होता तो तिथे माळ्यावर कोणी कणगी ढकलत असल्यासारखा वाजला. मनोजभाई हसला नाही. त्याचा हेल्पर हसला. मी सीडी काढून घेतली, घरी आले, आणि खालचे अर्धे आवाज कापून टाकले. पुढच्या खेपेला कणगी गेली. त्याच्या पुढच्या खेपेला मनोजभाई म्हणाला, ‘हां. आता ऐकवतं.’ एवढी स्तुती मला महिनाभर पुरली.

शिवाय लाइट. डहाणू खाडीवरच्या वीज केंद्राची चिमणी आमच्या ओटीवरून दिसायची, आणि तिची वीज जायची मुंबईला, आमच्याकडे भारनियमन. दुपारी कॉलेजातून येऊन तोंड धुवेपर्यंत लाइट जायची. त्यामुळे मी दर दोन मिनिटांनी काम सेव्ह करायला शिकले. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट तीच सांगते आणि ते हसतात, कारण त्यांचे फोन सगळं आपोआप ठेवतात. हसू देत.

तर अशा घरात वहिनी आली. तिचं माहेर वेवजीचं. वडील मूळचे आमच्याच किनाऱ्यावरचे, चिखल्याचे, पण तलासरी तालुक्यात शाळामास्तर म्हणून गेले आणि वेवजीलाच राहिले. पलीकडे चालत गेलं की गुजरात. त्यामुळे वहिनी मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायची, रागावली की वारलीतलं एखादं वाक्य टाकायची, आणि तिन्ही भाषांत तेवढीच गोड दिसायची. मासे तिला धड साफ करता येत नव्हते. बोंबलाचं डोकं कापताना ती डोळे मिटायची. मी डोळे मिटले असते तर आईने मासळीची पाटीच डोक्यात घातली असती. वहिनीला म्हणाली, ‘राहू दे गो, शिकशील हळूहळू. जागू, तू कर.’

थंडीत तिच्या माहेराहून उंबाडियुं आलं, मडक्यात पालापाचोळा घालून भाजलेल्या शेंगा आणि कंद. आमच्या घरात जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि मासळी, कंदमुळं उपासाला. पण आईने ते बोटं चाटत खाल्लं आणि शेजारी वाटत सुटली, ‘माझ्या सुनेच्या घरचं.’ मी त्यातली एकच शेंग खाल्ली. चांगली होती. दुसरी घेतली नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. घरात नवी सून आली की घरातल्या मुलीच्या वाट्याचं थोडं कमी होतं, त्यात नवल नाही. पण एका दुपारी लाइट आली आणि मी ओटीवर बसून दोन आठवडे घोळवत असलेला एक ट्रॅक लावला. त्यात सगळं जागच्या जागी होतं. मोजून घेतलेलं, तपासलेलं, आवाज फुटतोय असं सांगणारा लाल दिवा कुठेही पेटत नव्हता. आणि तरी तो चालत नव्हता. चालायचा, पण प्रेताला दोघांनी धरून चालवावं तसा. वहिनी लसूण सोलायला माझ्या शेजारी येऊन बसली. दोन-तीनदा ऐकलं. मग म्हणाली, ‘जागू, ही टाळी आहे ना, ती जरा उशिरा आली तर?’

‘उशिरा म्हणजे? टाळीची जागा ठरलेली असते.’

‘हां, पण जरा... आळशी. झोपेतून उठून आल्यासारखी.’

‘असं नसतं ते, वहिनी.’

‘नसेल. मी बघू?’

तिने हात पदराला पुसले आणि माऊस उलटा धरला, वायर स्वतःकडे. मी तो सरळ करून दिला. तिने टाळी चौकोनातून काढली आणि किंचित पुढे, दोन चौकोनांच्या मधे कुठेतरी, नेऊन ठेवली. तसं ठेवता येतं हे मला ठाऊक होतं, पण का ठेवावं ते ठाऊक नव्हतं. ट्रॅक सुरू झाला आणि उठून बसला. एवढंच सांगते. आत चुलीपाशी आई होती, तिथून ओरडली, ‘आता कसं बरं लागलं गो! काय केलंस, जागू?’

‘जागूनंच केलं, आई,’ वहिनी म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

तिने श्रेय घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं. तिने ते असं सोडून दिलं, जसं आपण भाजीवाल्याला ‘राहू दे सुटे’ म्हणतो.

त्यानंतर कॉम्प्युटर दोघींचा झाला. म्हणजे सकाळी मी कॉलेजात असताना तिचा, आणि लाइट असली तर संध्याकाळी माझा. ती शिकली म्हणावं अशी कधी शिकली नाही. मी सायबर कॅफेत बसून परदेशातल्या लोकांचे सल्ले वाचायचे, समजतील ते करून बघायचे. वहिनी मधल्या वेळात, भात शिजत असताना, बसायची. सेव्ह करायची नाही. लाइट गेली की तिचं सगळं जायचं आणि ती म्हणायची, ‘जाऊ दे ने, उद्या दुसरं करू.’ मी घरी येईपर्यंत असं काय काय गेलं असेल याचा मी हिशेब करत बसायचे, आणि तिला भूक लागलेली असायची.

दिवाळीनंतर मी तिच्याबरोबर वेवजीला राहायला गेले. खरं सांगायचं तर पाहायला गेले, की हे येतं कुठून. तिथे संध्याकाळी पाड्यावर तारपा वाजायचा, वारल्यांचं ते भोपळ्याचं लांब वाद्य. नाचणारे हातात हात धरून फिरायचे, तारपेवाला त्यांच्या पायांकडे बघत सूर लांबवायचा. मला वाटलं, सापडलं. लहानपणापासून हे कानावर, शिवाय नवरात्रात हद्दीपलीकडचा गरबा. मग वहिनीचा सख्खा भाऊ नाचात शिरला. त्याच घरातला, त्याच अंगणातला. तो स्वतःच्या पायात पाय अडकून असा पडला की सगळा फेर थांबला. वहिनी पोट धरून हसत होती. मी हसले नाही. हवेत असतं, पाण्यात असतं, बालपणात असतं, असं काहीतरी सापडलं असतं तर मला सोयीचं होतं. ते तिच्यातच होतं, बाकी कुठे नव्हतं.

पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या. बोटी बंद असण्याचे ते दिवस आमच्याकडे विचित्र शांत असतात. एरवी किनाऱ्यावरच्या बायका इंजिनाच्या आवाजावर जगतात. बोट दिसायच्या आधी ती ऐकू येते, आणि प्रत्येकीला आपल्या घरचं इंजिन कळतं. जेवत असली तरी हात धुते, पाटी उचलते आणि पाण्याकडे निघते, कारण मासळी उतरवायला उशीर झाला की भाव गेला. पावसात हे सगळं थांबतं. आई घरी असली की तिचं तोंड सुरू असतं आणि जाळी विणणारे बाबा हूं हूं करत राहतात.

त्या दिवसांतच मनोजभाईने आईकडून सुके बोंबील घेता घेता विषय काढला. आईची डहाणूच्या बाजारात बसायची जागा ठरलेली, सुक्या मासळीच्या रांगेत. घरी आल्यावर तिने मला सगळं सांगितलं. आईने म्हणे त्याला ऐकवलं होतं, ‘माझी सून कॉम्प्युटरवर गाणी बनवते.’

‘सून?’ मी म्हटलं.

‘आणि तू पण गो. तुझं पण सांगितलं.’

‘आधी कोणाचं सांगितलंस?’

‘आता आधी-नंतर काय त्यात? पुढचं ऐक.’

पुढचं असं होतं. मनोजभाईला दुकानात बसणारं माणूस हवं होतं. हळदीच्या मोसमासाठी रिमिक्स करायचे, गरब्याचे ट्रॅक जोडायचे, त्याच्या मोठ्या मशीनवर. मुंबईहून तयार माल आणून तो कंटाळला होता. तिथल्या पोरांना आमच्या बायका कशावर नाचतात ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. नारळी पौर्णिमेला वरोरची मिरवणूक त्याच्याच साउंडवर होती. ‘दोघी एकेक ट्रॅक द्या,’ त्याने निरोप पाठवला होता. ‘जिच्या ट्रॅकवर बायका जास्त नाचतील ती दुकानात.’

वहिनी हसली. ‘मला कोण दुकानात पाठवतंय!’ दादा म्हणाला, ‘जा की, मी पाठवतो.’ मी हसले नाही. आईने माझ्यासाठी बाजारातली तिच्या शेजारची जागा बघून ठेवली होती. कॉलेज संपलं की मी तिथे बसणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्या जागेला मी नावं ठेवत नाही. त्या जागेने आम्हाला वाढवलं. पण रांगेत एकदा बसलेली बाई तिथून उठलेली मी पाहिली नव्हती. मला मनोजभाईच्या दुकानातली खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की मी त्या दिवसांत वहिनीशी फक्त कामापुरतं बोलत होते, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

माझा ट्रॅक मी आधीच सुरू केला होता. आमच्याकडचा कोळीनृत्याचा ठेका, खाली सरळ दणदणीत ठोका, मधे एक चढण, मग सगळं बंद, मग एकदम उसळी. ही रचना जगभर चालते, मी वाचलं होतं. आजही चालते. मी तो ट्रॅक मनोजभाईच्या डब्यांवर दोनदा जाऊन तपासून आले.

वहिनीचं काहीच ठरत नव्हतं. मग दादाने बोटीचं इंजिन घरी आणलं, अंगणात ओंडक्यांवर ठेवून खोललं, पुन्हा जोडलं आणि सुरू करून बघितलं. धुराने माझे वाळत घातलेले कपडे काळे झाले. इंजिन चालू झालं, पण लंगडत. डिझेल फवारणारा एक नोझल नीट मारत नव्हता. डुग डुग डुग, मग एक गिळलेला ठोका, मग पुन्हा डुग. दादा शिव्या देत पाना शोधत होता. वहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून ओटीवर धावली, कॉम्प्युटरला जोडलेला वाकत्या मानेचा माइक वायरीसकट खिडकीतून बाहेर ओढला आणि म्हणाली, ‘बंद करू नका हां! असंच राहू दे!’

‘अगं बिघडलंय ते!’

‘तेच तर!’

तिने त्या लंगड्या आवाजाचा तुकडा कापला आणि तोच ठोका म्हणून वापरला. बाकी फार काही टाकलं नाही. वर भांड्यावर पळी मारल्यासारखी झांज, आणि मधून मधून एक लांबलेला सूर, तारप्यासारखा पण तारपा नव्हे. मी म्हटलं, ‘वहिनी, हे ठोके सरळ रेषेत आणून देते. पाहिजे तर. चौकोनात बसवलं की साफ होईल.’ मदत म्हणून म्हटलं की कसं, ते आता आठवत नाही, पण सल्ला बरोबर होता. सायबर कॅफेत वाचलेल्या सल्ल्यांत तेच होतं.

तिने करून पाहिलं, एकदा ऐकलं, आणि पुसून टाकलं. ‘सरळ केलं की इंजिन राहत नाही गो,’ ती म्हणाली. ‘पंखा होतो.’

दादाने दुसऱ्या दिवशी नोझल बदलला. इंजिन नीट झालं, बोटीवर गेलं. माझ्या डोक्यात ते नंतरही लंगडतच राहिलं.

पौर्णिमेच्या दुपारी पाऊस नव्हता. घराघरात नारळीभात. बायकांनी एकसारख्या पोपटी साड्या घेतल्या होत्या. सोनेरी कागदाचा नारळ पुढे, मागे बोटी चालवणारी तांडेल मंडळी, मग बायका, आणि सगळ्यांच्या मागे मनोजभाईचा टेम्पो. बोटी सजून किनाऱ्याला उभ्या होत्या, पताका लावलेल्या, एकही सुरू नाही. मनोजभाईने देवळापाशी माझा ट्रॅक लावला. मी गर्दीत न शिरता एका बाजूला उभी होते, कारण मला मोजायचं होतं, कोण नाचतंय.

नाचल्या. खोटं कशाला बोलू? माझा बेस स्वच्छ वाजला, चढण आली तेव्हा पोरांनी हात वर केले, उसळीला शिट्ट्या पडल्या. आत्यासुद्धा नाचल्या. पण बायका नाचता नाचता बोलत होत्या. एक जण दुसरीच्या साडीची निरी नीट करून देत होती. एकीने मधेच लहान मुलाचं नाक पुसलं. माझा ट्रॅक चालू होता आणि त्यांचं आयुष्यही चालू होतं. कोणालाच कशाचा अडथळा होत नव्हता.

मग समुद्र दिसायला लागला त्या वळणावर मनोजभाईने वहिनीचा लावला.

पहिले चार-पाच ठोके पडले आणि नाच थांबला. सगळा. बायकांच्या माना एकदम समुद्राकडे वळल्या. दोन-अडीच महिने न ऐकलेलं इंजिन कानावर पडलं होतं. बोटी सगळ्या डोळ्यांसमोर उभ्या, तरी पुढच्या रांगेतल्या दोघी पदर खोचून पाण्याच्या दिशेने चालायलाही लागल्या, आणि एकीने हात कमरेशी नेऊन पाटी शोधली. मी पाहत होते. माझ्या मनात काय आलं ते सांगते: खुर्ची माझी. नाचाच्या मिरवणुकीत जिने नाच थांबवला, तिला कोण दुकानात बसवणार? वहिनी दादाजवळ उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता. बाहेरची ती. तिला काय माहीत, आमच्याकडे तो आवाज कामाचा असतो.

आणि तेवढ्यात आईचा आवाज आला. बाजारात कमावलेला आवाज, साउंडच्या वरून ऐकू यावा असा. ‘अगो, ही तर आपली बोट! नोझल मारत नाही अजून! नऱ्या! मेल्या, रिपेर केलंस म्हणालास ना?’

‘केलंय गो आई! जुनं आहे ते, रेकॉर्ड आहे!’

‘कसलं रेकॉर्ड? लंगडतंय बघ कसं!’ आणि तिने ते करून दाखवलं. तीन पावलं सरळ, एक गिळून, कमरेवर रिकामी पाटी धरल्यासारखा हात ठेवून. बायका फुटल्या. आधी हसू, मग आत्यांनी तसंच पाऊल टाकलं, मग त्यांच्या मागचीने, मग पोपटी साड्यांची अख्खी रांग लंगडत, पाटी सावरत, किनाऱ्याकडे निघाली. पदर खोचून पुढे गेलेल्या दोघी परत येऊन त्यात शिरल्या. आता कोणी बोलत नव्हतं, कोणी कोणाची निरी सारखी करत नव्हतं. बोटींवरचे पुरुष वाकून बघत होते. मनोजभाईने तो ट्रॅक संपला की पुन्हा लावला, पुन्हा लावला. नारळ पाण्यात सोडेपर्यंत दुसरं काही वाजलंच नाही.

मी बाजूलाच उभी होते. खाली पाहिलं तर माझे पाय हलत होते. तीन सरळ, एक गिळलेला. मी ते थांबवायचा प्रयत्न केला आणि ते थांबेनात. आयुष्यात मला माझ्या अंगाचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यानंतर लोक मला सांगत आले की मत्सर माणसाला आंधळं करतो. माझा अनुभव वेगळा आहे. त्या दुपारी मला जेवढं स्पष्ट ऐकू आलं तेवढं आधी कधीच आलं नव्हतं. तिच्या ट्रॅकमध्ये काय आहे आणि माझ्यात काय नाही, हे तिथे नाचणाऱ्या कोणालाही सांगता आलं नसतं, वहिनीलाही नाही. मला ठोक्याठोक्याने सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोजभाई स्कूटरवरून आला. बाबा आणि दादा मोसमाच्या पहिल्या फेरीला गेले होते. आम्ही तिघी अंगणात जवळा निवडत होतो. मनोजभाईने चहा नको म्हटलं, मग घेतला. ‘हेतलबेन,’ तो म्हणाला, ‘सोमवारपासून या.’

मी जवळ्यातले खेकडे वेगळे करत राहिले. लहान असतात, नखाएवढे, लक्ष द्यावं लागतं.

‘कुठे?’ वहिनीने विचारलं.

‘दुकानात. ठरलं होतं ना आपलं.’

‘अरे हो! ते!’ ती खरंच विसरली होती. तिने आईकडे पाहिलं, आई म्हणाली, ‘जा की, मी काय अडवते?’ मनापासून म्हणाली. कोणी अडवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, म्हणून हे लिहून ठेवते: कोणी अडवलं नाही. वहिनीने थोडा विचार केला, नाक खाजवलं, हाताला जवळा लागला होता तो नाकाला लागला. ‘नाय हो मनोजभाई,’ ती म्हणाली. ‘रोज रोज तेच? मला कंटाळा येईल. एक केलं, मजा आली, बस ने.’

‘अहो, कंटाळा काय! लोक मागतायत!’

‘मागू देत. जागूला विचारा ने. तिच्याकडे चिकाटी आहे.’

मनोजभाई माझ्याकडे वळला. वळायला त्याला जरा वेळ लागला. ‘मग तू येतेस का?’

त्याच्या प्रश्नातला तो ‘मग’ मी ऐकला. वाटलं, नाही म्हणावं. उठून आत जावं, कॉम्प्युटरवर लुगडं टाकावं आणि आईच्या शेजारी बाजारात जाऊन बसावं, म्हणजे निदान तिने नको म्हटलेलं मी घेतलं असं होणार नाही. आई माझ्याकडे बघत होती. वहिनी बघत नव्हती. ती पुन्हा जवळा निवडायला लागली होती.

‘येते,’ मी म्हटलं. ‘सोमवारी कशाला, आजच येते.’

आणि हात धुवून, त्याच्या स्कूटरच्या मागे बसून गेले.

ती खुर्ची पुढे माझीच झाली. मनोजभाई गेल्यावर दुकानही मी घेतलं. या किनाऱ्यावर चिखल्यापासून वरोरपर्यंत आणि आत तलासरीपर्यंत हळदीला जे वाजतं त्यातलं बरंचसं माझ्या हातून गेलेलं असतं. काम चोख असतं. कोणी परत केलेला ट्रॅक मला आठवत नाही. वहिनीने त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावला तो पोरांच्या फॉर्मपुरता. सुक्या मासळीचा धंदा आईनंतर ती बघते, आणि बोंबलाचं डोकं आता डोळे उघडे ठेवून कापते.

मध्यंतरी दुकानात एका हळदीवाल्याने तिचं ते गाणं मागितलं. जुनी माणसं अजून मागतात. वहिनी माझ्यासाठी करंदीचं कालवण घेऊन आली होती, काउंटरशी डबा उघडत उभी होती. मी गाणं लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने मान डोलावली, बोटाने डब्याच्या झाकणावर ताल धरला. अचूक धरला, गिळलेल्या ठोक्यासकट.

‘छान आहे गो,’ ती म्हणाली. ‘हे कधी केलंस?’

मला वाटलं थट्टा करते आहे. करत नव्हती. चमच्याने कालवणातली कोकमं बाजूला काढत होती, कारण मला ती आवडत नाहीत.

‘जुनं आहे,’ मी म्हटलं.